चांगलं म्हणायचं नाही

संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की ताई भावासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "सोड श्वास."

चाळिशीला टेकलेला, आडदांड अंगाचा तो माणूस निमूटपणे वाकायचा आणि तिच्या नाकासमोर 'हा' करायचा. ती डोळे मिटून वास घ्यायची. चहा, बिडी, दुपारचा कांदा, एवढंच असलं की म्हणायची, "जा वर. जेवण झाकून ठेवलंय." पेपरमिंटचा वास आला तर मात्र ती त्याचे खिसे चाचपायची. भलत्या वेळी पेपरमिंट चघळणारा माणूस काहीतरी झाकत असतो, हे ती अनुभवाने शिकली होती. तसा वास येऊन आता वर्ष होत आलं होतं.

भावाला अख्खी गल्ली पारा म्हणायची. आरशांचा धंदा करणारं घर, आणि पोरगं एका जागी ठरत नाही, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. ते इतकं चिकटलं की लग्नाच्या वेळी खरं नाव ऐकून गल्लीतल्याच दोघाचौघांनी "हा कोण बुवा?" असं विचारलं होतं. ताईला सगळे ताईच म्हणायचे. दुकानातले मामा बापाच्या वेळेपासून कामाला होते, वयाने तिच्याहून कितीतरी मोठे, पण तेही ताई म्हणायचे. बाई जरा मोठी झाली की तिला नातं चिकटतं आणि नाव गळून पडतं. त्याचं कुणाला काही वाटत नाही, तिलाही वाटत नव्हतं.

दुकान काचेचं आणि आरशांचं. पुढे गिऱ्हाईक उभं राहील एवढी जागा, मागे जाड कापड अंथरलेलं कापायचं मोठं टेबल, आणि त्याच्याही मागे पाण्याच्या धारेखाली काठ घासायचं मशीन. पारा कापायचा, ताई घासायची. नुसती कापलेली काच म्हणजे सुरीच. ती ताईच्या हातून जाऊन आली की तिच्या काठावर गाल टेकवावा अशी व्हायची. असं कुणी बोलून मात्र दाखवायचं नाही. कुणाच्या कामाला चांगलं म्हणायची त्या दुकानात रीतच नव्हती. मामा फारच खूश झाले तर म्हणायचे, "चालेल." त्या दिवशी समजायचं की काम अफलातून झालंय.

ही रीत बापाने घातलेली. तो तरुणपणी दुसऱ्याच्या कारखान्यात होता तेव्हा त्याचा एक जोडीदार होता, मोठा कसबी. मालकाने चारचौघांत त्याची पाठ थोपटली. त्याला चढलं, आणि दोघांनी उचलायची काच तो एकट्याने उचलून दाखवायला गेला. काच त्याच्या अंगावर फुटली. ताईचा बाप दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि त्याला काही करता आलं नाही. नंतर त्याने दोष काचेला दिला नाही, घाईलाही दिला नाही. सगळा दोष त्याने त्या पाठ थोपटण्याला दिला, आणि मरेपर्यंत तो त्या मतापासून हलला नाही.

ताईने पहिला गोल आरसा कापला तेव्हा तिचं फ्रॉक घालायचं वय होतं. गोल कापणं सरळ कापण्याहून अवघड. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. तिची मिळाली. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक सहज बोलून गेलं, "पोरीच्या हातात कला आहे हो." गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत बाप हसत होता. मग त्याने आरसा उचलला, उजेडात धरला, सगळीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाला, "छान झालाय." आणि पक्कडीच्या मुठीने खालून एक टिचकी मारली.

तुकडे टेबलावर पडले. "आता पुन्हा काप," तो म्हणाला. "चांगलं म्हटलेलं डोक्यात गेलं की हात जातो."

आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. तो काही राक्षस नव्हता. पोरं आजारी पडली की उशाशी बसून राहायचा, स्वतः उपाशी राहून त्यांना भरवायचा. त्याला पोरं जिवंत आणि धडधाकट हवी होती, बस्स. पण हे त्याने दोघांनाही केलं, पुन्हापुन्हा केलं, त्यांना मिसरूड आणि समज फुटेपर्यंत केलं. चांगलं कानावर पडलं की पाठोपाठ काहीतरी फुटणार, हे त्या पोरांच्या अंगात इतकं भिनलं की पुढे पुढे 'वा' ऐकू आलं तरी त्यांचे खांदे वर जायचे.

बाप गेला. फोडणारा गेला की फोडणं थांबेल, असं कुणालाही वाटेल. झालं भलतंच. दोघं आपलं आपणच फोडायला लागली.

पाऱ्याचं फोडणं गल्लीला ऐकू यायचं. एका मोठ्या कारखान्याने त्याला मानाने बोलावून मुख्य कारागीर केलं, तर त्याच आठवड्यात तो पिऊन त्यांचा टेम्पो भिंतीवर घालून आला. लग्नानंतर सासऱ्यांनी पाहुण्यांसमोर "आमचे जावई म्हणजे लाखात एक" म्हटलं, तर भरल्या ताटावरून उठून गेला तो तिसऱ्या दिवशी सापडला. त्याने बसवलेल्या एका काचेच्या दरवाजाचा फोटो वर्तमानपत्रात आला, त्या दिवशी त्याने स्वतःच्याच दुकानाची दर्शनी काच लाथेने फोडली. लोक म्हणायचे, दारू वाईट. म्हणायचे, संगत वाईट. कुणी म्हणायचं बायको फार कडक आहे, कुणी म्हणायचं फार मऊ आहे, ज्याला जे सोयीचं ते. प्रत्येक वेळी आदल्या दिवशी काय घडलं होतं, हे जोडून बघायची कुणाला गरज वाटली नाही. शेवटी बायको, म्हणजे ताईची भावजय, लेकीला कडेवर घेऊन माहेरी गेली.

ती गेली तेव्हा पारा हादरला. दारू सोडू पाहणाऱ्यांची एक बैठक जवळच्या शाळेत भरायची, तिथे तो जाऊ लागला. एकदा तिथून आला आणि ताई पोळ्या लाटत होती तिथे दाराला टेकून उभा राहिला.

"आज एकेकाला विचारलं, काय झालं की प्यावंसं वाटतं," तो म्हणाला. "कुणी म्हणालं, भांडण झालं की. कुणी म्हणालं, घर खायला उठलं की. एक जण म्हणाला, पगार झाला की."

"आणि तू?"

"मी म्हणालो, कुणी चांगलं म्हटलं की."

"मग?"

"हसले सगळे. शेजारचा म्हणतो, मग तू सुटलास लेका, तुला कोण चांगलं म्हणतंय."

हे सांगताना पारा स्वतःही हसला. ताई हसली नाही. लाटणं तिच्या हातात तसंच राहिलं. "बाबा," ती म्हणाली. पाऱ्याने मान हलवली. बहीणभावांत हा विषय आयुष्यात पहिल्यांदा निघाला आणि एका शब्दात मिटलाही. पोळी करपली ती वेगळी.

पण त्या दिवसापासून ताईला एक काम मिळालं. दारूपासून भावाला वाचवणं तिच्या हातात नव्हतं, दारू काय कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. कौतुकापासून मात्र वाचवता येईल, असं तिने मनाशी धरलं. गिऱ्हाईक 'वा' म्हणायला तोंड उघडायच्या आत ती मध्ये पडायची. "काठ व्हायचाय अजून, हात लावू नका." "उजेड चांगला आहे म्हणून तसं दिसतंय." एक म्हातारे गृहस्थ बायकोचा जुना आरसा दुरुस्त करून न्यायला आले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, कारागिराला भेटायचंय. ताईने सांगितलं, तो गावाला गेलाय. पारा पाच पावलांवर मशीनमागे खोकत होता. म्हातारे गोंधळून निघून गेले. गल्लीत तिला खाष्ट म्हणू लागले आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. पारा शुद्धीत वर जेवायला जात होता, तिला तेवढंच हवं होतं.

आता ताईचं सांगायला हवं, कारण ती स्वतः सांगणारी नव्हती.

काचेवर हिऱ्याने रेघ मारली की लगेच तोडायची असते. तशीच ठेवून दिली तर रेघ थंड पडते, आणि मग ती काच कधी, कुठून, कशाने फुटेल याचा नेम नाही. या दोघांवर बापाने मारलेल्या रेघा अशाच थंड पडलेल्या होत्या. पारा फुटायचा तो भर रस्त्यात. ताई फुटायची ती मागच्या खोलीत, मशीन चालू ठेवून.

तिला एकदा स्थळ आलं होतं. शांत माणूस, चष्म्याच्या काचा घासायचा, म्हणजे धंद्याने निम्मा सोयराच. त्याने तिने घासलेल्या काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "असा काठ मी पाहिला नाही." तिलाही तो आवडला होता. संध्याकाळी तिने नकार कळवला. पुढे एका कारागिरीच्या शाळेने तिला मुलींना शिकवायला बोलावलं, "तुमच्यासारखं कुणी नाही" म्हणून बोलावलं. ती हो म्हणाली आणि गेलीच नाही. त्या दोन्ही दिवशी, आणि आणखी कितीतरी दिवशी, तिने मागे जाऊन डाव्या हातातला हातमोजा काढला होता. पुढचं सांगत नाही, सांगायची गरजही नाही. काचेच्या दुकानात हाताला चिकटपट्टी लावलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. औषधवाला फक्त थट्टा करायचा, "ताई, तुम्ही चिकटपट्ट्यांचा कारखानाच काढा." ती हसायची आणि पुडकं पिशवीत टाकायची.

पाऱ्याच्या वागण्याला लोकांनी नाव दिलं होतं, वाया जाणं. ताईच्या वागण्यालाही दिलं होतं, त्याग. "भावासाठी लग्न केलं नाही हो तिने," मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि डोळे पुसायचे. एकाच घरातली दोन पोरं एकाच कारणाने स्वतःला मोडत होती. मुलगा मोडला तेव्हा लोकांनी नाक मुरडलं आणि मुलगी मोडली तेव्हा हात जोडले, आणि मला विचाराल तर ते हात जोडणं जास्त वाईट होतं. कारण त्याग म्हणणं हेही कौतुकच. ते कानावर पडलं की ताई मागच्या खोलीत जायची.

अशात नाचाच्या बाई दुकानात आल्या. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचा नाचाचा क्लास निघणार होता आणि त्यांना एक अख्खी भिंत आरशांची हवी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधला सांधा डोळ्याला दिसता कामा नये. पाऱ्याने भिंत मोजली आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर काम करायची हाव दिसली.

आठवडाभराने भावजय आली. पारा बाहेर गेलेला बघूनच आली असावी. टेबलाच्या कडेला उभी राहिली, बसली नाही.

"ताई, लेकीला त्या क्लासात घातलंय," ती म्हणाली. "आरसे लागतील त्या दिवशी बाईंनी सगळ्या आयांना बोलावलंय. आम्ही दोघी येऊ. तो नीट असला, शेवटपर्यंत नीट राहिला, तर मी सामान घेऊन घरी येते. आणि तसं नाही झालं तर मला पुन्हा बोलावू नका. मला आता जमत नाही."

"नीट असेल तो."

"तुम्ही बघाल?"

"मी बघते ना."

भावजयीने तिचा हात धरला, आणि धरल्यावर उलटा करून पाहिला. "हे काय झालंय?"

"काचेचं काम आहे," ताई म्हणाली आणि हात सोडवून घेतला. भावजयीच्या डोक्यात नवऱ्याचीच काळजी होती. ती तशीच पायरी उतरली.

पाऱ्याने त्या आरशांत जीव ओतला. कापताना तो श्वास रोखायचा आणि रेघ संपली की सोडायचा, आणि ताई मशीनपाशी उभी राहून त्याच्याबरोबर श्वास सोडायची. काच कापली जाताना बारीक, एकसारखा आवाज यायला हवा, कुठे चिरका नको. तो तसा यायचा. तिने काठ घासले ते एकमेकांना लावल्यावर मधे नख शिरणार नाही असे. मामा एकेक आरसा खोक्यात उभा करताना आधी "चालेल" म्हणाले, मग "चालेल चालेल" म्हणाले, आणि शेवटच्या आरशाला त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा." पाऱ्याच्या खांद्यांकडे ताईचं लक्ष गेलं. ते कानांपर्यंत वर गेले होते.

एका मामांना गप्प करता येईल, पण त्या दिवशी तिथे सगळ्या आया असणार, बाई असणार, त्यांची पाहुणेमंडळी असणार. एवढी तोंडं कशी बंद करणार? सगळे मिळून त्याला चांगलं म्हणणार, भावजयीसमोर म्हणणार, आणि संध्याकाळच्या आत तो कुठल्या तरी भिंतीवर जाऊन आपटणार. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

आरसे न्यायच्या आदल्या दुपारी पारा आणि मामा जेवायला वर गेले. ताई खाली राहिली. खोक्यातला मधला आरसा तिने जरा पुढे ओढला. हा आरसा भिंतीच्या मध्यावर, डोळ्यांच्या उंचीला येणार होता. तिने पक्कड घेतली आणि त्याच्या काठाला टवका पाडला. डाळीच्या दाण्याएवढा, पण पाहणाऱ्याच्या नजरेतून न सुटणारा. बाई नाक मुरडतील, आया कुजबुजतील, पारा ओशाळेल आणि शुद्धीत घरी येईल. एवढंच तिला हवं होतं. आरसा मागे सरकवल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती स्टुलावर बसली. मग हातातल्या पक्कडीकडे तिचं लक्ष गेलं. ती बापाची होती. बाबांनाही असंच हलकं वाटत असेल का, हा विचार मनात आला आणि तिने पक्कड खणात टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा पारा आणि मामा आरसे घेऊन गेले होते. तिला कुणी हाक मारली नव्हती. तिने दुकान आवरलं, आलेल्या गिऱ्हाइकांना परत पाठवलं आणि चार वाजता समोरचा जिना चढून गेली.

हॉलची सगळी भिंत आरशांची झाली होती. खिडक्यांचा उजेड त्यात पडून खोली दुप्पट मोठी वाटत होती. सांधा शोधून सापडत नव्हता. ताई सरळ मधल्या आरशापाशी गेली. टवका नव्हता. तिने काठावरून बोट फिरवलं. काठ अखंड होता, पण जरासा खरखरीत. तिने घासलेला नव्हता. ती उठायच्या आत पाऱ्याने नवा आरसा कापला होता आणि काठही स्वतःच घासला होता. तिने वळून पाहिलं. तो खिडकीशी हात पुसत उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता. त्याला टवका कुणी पाडला हे कळलं होतं. का पाडला हेही कळलं होतं, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तो रागावलेला नव्हता आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

आया आल्या, मुली आल्या, पोरींनी आरशांसमोर गिरक्या घ्यायला सुरुवात केली. भावजय लेकीचं बोट धरून दाराशीच थांबली. बाई हॉलच्या मधोमध आल्या आणि म्हणाल्या, "मी इतके हॉल पाहिलेत, पण असं काम नाही पाहिलं. कुणी केलंय ते सगळ्यांनी बघून घ्या."

"सांध्याला अजून एक हात मारायचाय," ताई पुढे होत म्हणाली.

पाऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे, ताई. बोलू दे त्यांना."

त्यांनी बोलून घेतलं. सगळ्या बोलल्या. पारा मधे उभा राहून ऐकत होता. त्याच्या ओठावर घाम आला होता, मुठी वळलेल्या होत्या, खांदे वर गेलेले होते. बैठकीत त्याला सांगितलं होतं, कुणी चांगलं म्हटलं की पळायचं नाही, 'बरं' म्हणायचं आणि उभं राहायचं. तो म्हणाला, "बरं." आणि उभा राहिला. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. दाराशी भावजयीने डोळ्यांना पदर लावला. ताईने हे सगळं पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, सुटला हा.

ओझं उतरलेल्या माणसाला आपला आनंद जगाला वाटत सुटावंसं वाटतं. पाऱ्यालाही वाटलं. तो म्हणाला, "पण खरं काम ताईचं आहे. मी नुसतं कापलं, हे सगळे काठ तिने घासलेत. आणि मी आज इथे उभा आहे तोही तिच्यामुळे. ती नसती तर मी केव्हाच संपलो असतो."

सगळी तोंडं ताईकडे वळली. भिंतभर आरसे, त्यामुळे तिथेही वळली. जिकडे बघावं तिकडे लोक तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या मधोमध ती स्वतः उभी होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मामांनी त्यागाचं पुराण सुरू केलं. लेक धावत आली, तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आत्या, हे तू केलंस? छान झालंय."

ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आलेच हं," ती म्हणाली, आणि हसतमुखाने जिना उतरून गेली.

शटर तिने अर्धं ओढून घेतलं. मागच्या खोलीत गेली. मशीन चालू केलं, पाण्याची धार सोडली. बाजूला सकाळच्या कामाचा कचरा पडला होता, त्यात तो टवका पडलेला आरसाही होता, दोन तुकड्यांत. तिने हातमोजे घातले आणि मग डाव्या हाताचा काढला.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही, फार गेला नसावा. शटर वर गेल्याचा आवाज आला, मग जड पावलांचा. पारा धापा टाकत दारात उभा होता. एकटा, इतक्या लोकांमधून निघून आलेला. तिच्या मनात एकच आलं, की गेला, तो इथेच कुठेतरी बाटली लपवून ठेवत होता आणि ती घ्यायला आलाय. तिने डावा हात पाठीमागे नेला, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सोड श्वास."

तो वाकला. 'हा' केलं. चहाचा वास आला, फक्त चहाचा.

"आता तू," पारा म्हणाला. "हात दाखव."

"काय झालंय हाताला? काचेचं काम आहे."

"मीही तेच करतो. दाखव."

"तू क्लासात परत जा आधी. तिला वाटेल तू प्यायला पळालास."

"सगळ्यांना तसंच वाटलंय. जिन्यावरून उतरताना बघितलं मी तिच्या तोंडाकडे." त्याने मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. "मला वाटायचं, बाबांनी फोडलं ते मला एकट्याला. तू तर शहाणी, तुला काय धाड भरलीय. सकाळी तो टवका बघितला आणि तिथेच खाली बसलो. आणि तरी वर जाऊन सगळ्यांदेखत तुझ्याबद्दल बोललो. आनंदात बोललो ताई, डोकंच चाललं नाही. तू हसत निघालीस तेव्हा कळलं. मीही असाच हसत निघायचो."

बाहेरून, शटरखालून, मामांचा आवाज आला. "पारा, आहेस का रे? सूनबाई निघाल्या. पोरीला घेऊन निघाल्या बघ."

"जा ना," ताई म्हणाली. "पाया पडते तुझ्या, जा. वर्षभर मी कशासाठी केलं हे?"

पाऱ्याने एकदा शटरकडे पाहिलं. रस्त्यावर लहान मुलीच्या चपलांचा आवाज आला आणि लांब गेला. त्याच्या गालाची शीर उडत होती. तो जागचा हलला नाही.

"उद्या जाईन तिच्याकडे. ऐकलं तर ऐकलं," तो म्हणाला. "हात."

तिने पाठीमागून हात काढला. मूठ आवळलेली होती, ती त्याने एकेक बोट करून उघडली. नळाखाली धरली. मग तिला टेबलापाशी नेऊन दिव्याच्या उजेडात तिचा तळवा धरला आणि पाहिला, जुनं, नवं, सगळं. ताईचे खांदे कानांपर्यंत वर गेले होते. उजेडात धरून असं नीट पाहिलं की त्यानंतर काय होतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती डोळे मिटून त्याची वाट बघत उभी राहिली.

काही फुटलं नाही. पारा काहीच बोलला नाही, चांगलं नाही की वाईट नाही. त्याने नुसता हात धरून ठेवला, आणि बऱ्याच वेळाने ताई रडायला लागली तेव्हाही सोडला नाही.